कड्याच्या आतलं बोट

मंगळवारी, सकाळी दहा वाजून बेचाळीस मिनिटांनी, काका — फोनवरच पाहिलंय मी — तेव्हापासून हे सगळं सुरू झालं. नाही, या मजल्याचा पास नाही माझ्याकडे, म्हणून तर तुम्हाला सांगतेय. आत मॅडम आहेत ना, त्यांनी ते सर्किट चार वर्षं खपून आखलं, तळहाताएवढी हिरवी पट्टी, आणि सोल्डरिंग माझं. उपग्रहावर जायचंय ते. वर विजेचे कण पसरलेले असतात, प्लाझ्मा म्हणतात, ते मोजायला. सातवी शिकलेय मी, पण मॅडमनी शेजारी बसवून समजावलं होतं — प्रवाह इतका बारीक, की पट्टीवर बोटाचा घाम राहिला तरी वीज पाझरते आणि आकडा चुकतो. म्हणून त्या नाजूक टोकाभोवती त्यांनी तांब्याचं कडं काढलंय, पहाऱ्याला. तुमच्यासारखंच — हसू नका हो. त्या कड्याच्या आतच बोट टेकलं माझं.

फोन पाळणाघराचा. आत न्यायचा नसतो, माहितीय. हातमोजा काढून उचलला — लेक अंगाने तापलीय, रडून रडून घसा बसलाय म्हणाल्या. आणि पट्टी घसरली, ती झेलली, उघड्या हाताने. पुसली का नाही? स्पिरिट समोर होतं हो, पण पाय थांबतात का? परत येईपर्यंत शेजारच्या टेबलावरच्या बाईने पट्टीवर ओल लागू नये म्हणून लेप चढवला होता. बोटाचा ठसा आत, लेप वर. चाचणीत पास झाली, पण ती गार खोलीत. वर उन्हात तापेल तेव्हा?

आणि कागदावर — ‘हातमोजे पूर्ण वेळ घातले’ — सही केली मी. त्या दिवशीची दुसरी. पहिली पाळणाघराच्या वहीत, ‘ताप नाही’. औषध पाजलं, छातीला तेल चोळलं, ताप उतरला तेवढ्यात सोडून आले — आणखी एक रजा झाली असती तर कामच — जाऊ दे. हात धुतले होते, पण तेल जातंय कुठे. मॅडम वर्षभर आकडे बघून प्लाझ्मा म्हणतील, आणि असेल ते लेकीच्या छातीचं तेल!

लेक? आता बरी आहे. पट्टी ज्या पेटीत बसवलीय, ती आज चारला उपग्रहाकडे निघतेय, काका. मॅडम येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, ‘हिचा हात बघा’ — त्यांच्यासमोर तोंड उघडत नाही माझं. तुम्ही जा. पेटी बंद करू नका म्हणावं, लेप काढून कड्यापाशी पुसा म्हणावं. कुणी सांगितलं विचारलं तर — माझं नका — थांबा. माझंच सांगा. दाराशी उभी आहे म्हणावं.