बिनवासाचं औषध

मुलांनो, सांगोल्याकडच्या भामाबाई दरवर्षी घोंगड्या घेऊन माझ्याकडे येतात. तुमच्याकडची काळी घोंगडी त्यांनीच दिलेली. या खेपेला त्या एक रिकामी बाटली घेऊन आल्या आणि दुपारभर बोलत बसल्या. त्या बोलल्या तसंच लिहून पाठवते आहे. शब्द त्यांचे, स्वल्पविराम तेवढे माझे.

आमी मूळचं मेंढरावालं, माझा बा मेंढरावाला, त्येचा बा बी मेंढरावाला, मी चालाय शिकले तीच मेंढराच्या मागं. आमच्या माळाला पानी न्हाय, पर सुगी सरली की बोलावनं यायचं, भामा, ये की, मेंढरं बसीव माझ्या रानात, मग चार दिस कळप बसवायचा, लेंड्यांनी रान काळं व्हायचं, आन् रानमालक ज्वारी द्यायचा, कालवन द्यायचा. गोनीचं खत आल्यापासनं आता कोन बोलवत न्हाय. मालक वारलं, तवापासनं धा शेळ्या आन् ईस मेंढरं, तेवढीच राखते. ल्योक हितं सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टावेलाच्या मागावर, आठवड्याला येतो. सून माझ्यापाशी, रेश्मा.

काय सांगू तुमाला बाई, तिचं दोन डाव पोट पडलं. दोन डाव. हे तिसरं. सातवा लागला तवा म्या बिरोबाला म्हनलं, एवढं एक राख बाबा, मग काय मागत न्हाय.

आमची एक रीत हाय. कुटल्या बी बांधावर जनावर सोडायच्या आदी पाला चुरगाळायचा आन् नाकाला लावायचा. औषध मारलं आसंल तर वास येतोच, उग्र, डोकं धरंल आसा. लहानपनी एकदा इसरले तर बानं काठीच उगारली व्हती. तवापासनं आजपातुर ह्या नाकानं एक बी जनावर दगावू दिलं न्हाय. तर त्या दिशी आप्पाच्या मक्याच्या बांधावर गेले, गवत हिरवंगार, चुरगाळलं, वास घेतला, परत घेतला, नुसता गवताचा वास. सोडल्या शेळ्या. सांजंला दूध काढलं, तापीवलं, गूळ घातला. रेश्मा म्हनली, आत्ती, नगं, शेळीच्या दुधानं मला उमासं येत्यात. म्या म्हनलं, गप पी, तुला कोन पाजतंय, ल्येकराला पाजती मी. नाक धरून पिली बिचारी. पेला रिकामा व्हईपातुर म्या तितंच उबी.

दुसऱ्या दिशी आप्पा भेटला. ज्येचा मका त्यो आप्पा, मानूस चांगला हाय. म्हनला, भामाक्का, काल शेळ्या हितंच व्हत्या व्हय? म्हनलं, व्हय की. तर म्हनला, आगं, काल सकाळीच ड्रोननं फवारून घेतलंय, थोडं बांधावर बी उडलं आसंल, नॅनो युरिया हाय. आन् ही बाटली दावली.

युरिया म्हनल्यावर म्या वरडलेच. युरिया काय आसतो ते आमाला इचारा. कुनाची गोनी सांडली आन् मेंढरानं चाटलं की पोट फुगून घटकंत मरतंय, दुसऱ्यांची माझ्या डोळ्यादेखत मेल्याली हायत. आप्पा हसला. म्हनला, ती गोनी येगळी, ही बाटली येगळी, हेज्यात कन एवढं बारीक की चाळून चाळून बी घावायचं न्हाय, पानाच्या भोकातनं थेट आत जातंय. गोन्या उचलून माझी कंबर गेली व्हती, आता खिशात घालून आनतो. आन् कमी लागतंय म्हून रान नासत न्हाय, हिरीचं पानी नासत न्हाय. मका बघ की कसा काळाभोर. मका चांगला व्हता बाई, खोटं कशाला बोलू. म्या म्हनलं, आप्पा, पानाच्या भोकातनं जातंय, मग शेळीच्या आतड्यातनं जातंय का, दुधात येतंय का, दुधातनं पोटातल्या ल्येकरापातुर जातंय का? त्येचं हसनं थांबलं. म्हनला, आक्का, ते मला कुटलं ठावं. मी तर हाच मका खानार हाय.

शेळ्यास्नी काय झालं न्हाय. एक बी फुगली न्हाय, उड्या मारत्यात. ह्येचंच तर भ्या वाटतंय. काय झालं आसतं तर कळलं तरी आसतं.

जनावराच्या डाक्टराकडं गेले. म्हनला, शेळ्या धडधाकट हायत, न्ये घरला. म्हनलं, दूध किती दिस टाकायचं? जुन्या औषधाचं दिस त्येला पाठ, ह्येचं इचारल्यावर फोन काढला आन् बघतच बसला. मग रेश्माला सोनोग्राफीला न्हेलं. डाक्टरीन म्हनली, बाळ चांगलं हाय, ठोकं चांगलं हायत. म्या म्हनलं, पर एवढं बारीक तुमच्या मशिनीत दिसतंय का? ती म्हनली, मावशी, तुमी घरी जा आन् झोप काढा. झोप काढा म्हनं!

आप्पाकडनं ही बाटली मागून घेतली. म्हनलं, सोलापूरच्या बाई शिकल्याल्या, त्या वाचत्याल. तुमी वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं. हातमोजं घाला, तोंडाला फडकं बांदा, ल्हान पोरांपासनं लांब ठिवा. पर शेळीनं खाल्लं, दूध पोटुशीनं पिलं, तर फुडं काय, ते लिवल्यालंच न्हाय म्हनता. मला वाटलं व्हतं, इंग्रजीत आसंल.

आता आठवा सरत आलाय. रेश्मा म्हनती, आत्ती, माझ्याकडं आसं बघू नगा, मलाच भ्या वाटतंय. म्हून तिच्याफुडं हसते. सकाळी तिच्या पोटावर हात ठिवते, पोरानं लाथ मारली की बरं वाटतंय, आन् लई जोरात मारली की परत काळजात धस्स व्हतंय. ल्योकाला अजून सांगितलं न्हाय. त्यो इचारंल, पाजलं कुनी?

उठते, गाडी चुकंल. तुमची नातवंडं तिकडं लांब हायत, बिरोबा त्यांना सुखी ठिवो. बाळ झालं की कळीवते. चांगलंच व्हईल वो, हातपाय बी नीट आसतील, समदी म्हनत्यात तसं. पर मी त्येच्याकडं बघतच ऱ्हानार. किती वर्सं बघायचं, तेवढं कुनी सांगत न्हाय.