कपाटाला तीन हात

रंगाच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक काका होते. दुकानदार त्यांना ओळखत असावा.

“वाळवीवरचा तो लेप द्या, कोळंबीच्या टरफलांपासून करतात तो.”

“गेल्या वर्षी नेला होतात की. काम नाही झालं?”

“झालं ना! वडिलांचं लाकडी कपाट. धाकट्या भावाशी भांडून मिळवलंय. तीन हात दिले, आरशासारखं चकाकतंय.”

“पाठीमागून दिलेत?”

“पाठ भिंतीला टेकलीय हो. ती कोण बघतंय?”

“वाळवी बघते, काका. ती भिंतीतूनच येते.”

“ते काल कळलं. दार लोटायला गेलो, तर बोट आरपार.”

“अरेरे! म्हणजे आतलं लाकूड…”

“लाकूड कुठलं? नुसता तुमचा लेप उभा आहे. माल मात्र चांगला हां, बाकी समोरून ओरखडा नाही.”

“मग आता आणखी लेप कशाला?”

“बोटाचं भोक बुजवायचंय. धाकट्याला फोन केला. म्हटलं, उगाच भांडलो रे, कपाटावर तुझाच हक्क. उद्या येऊन घेऊन जा. फक्त उचलताना जपून, वडिलांची आठवण आहे.”