बीपीची वही भेटणार नाही

हॅलो?… कोन?… दवाखान्याचे साहेब का?… हां, मीच अल्का. पार्वताबाईची सून. माह्या सासूचं अर्धं आंग तुमच्यामुळं गेलं. हे पहिले ऐका, मंग तुमचं बोला.

…नाही, ओरडून नाही राहिली. आवाजच असा आहे माहा.

…कशी आहे म्हंजे? लकवा आहे! उजवा हात गेला, उजवा पाय गेला. चमच्यानं पेज पाजतो तं अर्धी गळ्यावर येते. काहीतरी बोलते, आमाले समजत नाही. मंग रडते.

…वही? बीपीची? आहे ना. कायले पायजे?

…दोन दिवसासाठी. चौकशीवाले येऊन राहिले म्हणून. अस्सं! बुढी पडली तेव्हा तुमाले दोनदा फोन लावला जी, उचलला नाही. वहीसाठी सकाळपासून तिसऱ्यांदा लावून राहिले तुमी.

…मशीन खराब? तुमीच देलं ना ते, शिबिरात! "घरीच मोजा, दोन टाइम लिहा, दर गुरुवारी दाखवा." कोन म्हटलं होतं?

…तुमी सांगतलं तशीच मोजली. चहाच्या आधी. पाच मिनिट बसवून, पाठ टेकून, हात उशीवर ठेवून. मोजताना बोलाचं नाही म्हटलं तं बुढी ओठ दाबून बसे, जसा कोनी फोटो काढून राहिला. चोरखमारा तलावाचं पाणी सुटलं, धानाची रोवणी लागली, तरी एक दिवस सोडला नाही. धानाच्या बांधीतून आली की चिखलाचे हात धुवाचे अन् पहिले पट्टा बांधाचा. चूल मंग.

…लिहिण्यात चुकली? सातवी शिकली आहो मी, साहेब. एकशे अठ्ठावन्न. एकशे बाहत्तर. मंग एकशे शहाऐंशी, खालचा एकशे बारा. तीनदा मोजला मी.

…हो, तुमीच सांगतलं होतं, एकशे ऐंशीच्या वर गेला तं तुरंत आणा…

…काय म्हटलं? आणलंच नाही? चौकशीत असं सांगान तुमी? सून घेऊन आलीच नाही म्हणून?

…थांबा. मधात बोलू नका. वही पुढ्यातच आहे माह्या. एकशे शहाऐंशीचं पान. बाजूनं लाल पेनानं लिहिलं आहे, "पाहिले". त्याच्याखाली सही. तारीख. हे माह्या हातचं आहे का?

…तुमचीच सही ना?

…गर्दी होती. हो, होती. तुमी कानाले फोन लावून होते. वही ओढली, सही मारली, "त्याच गोळ्या चालू ठेवा." बुढीकडे पाहिलं बी नाही. दुसऱ्या दिवशी बोरिंगपाशी पडली ते.

…चाकाची खुर्ची? द्या ना. तिचा हक्कच आहे तो. पण वहीच्या बदल्यात नाही.

…माह्या पाया कायले पडता जी? बुढीच्या पडा. डावा पाय धरजा, उजव्याचं तिले समजत नाही.

…लेकरंबाळं? आमाले नाहीत का?

…नाही. वही चौकशीवाल्याइच्याच हातात देईन, सगळ्याइच्या समोर. ते मले विचारतील, त्याच्या आधी मी तुमाले विचारून राहिली…

हॅलो?… ठेवू नका… ऐकून राहिले ना? सही मारली तेव्हा तो आकडा तुमी वाचला होता का नाही?

…गर्दीचं नका सांगू. हो का नाही, तेवढंच सांगा. वाचला होता का, साहेब?