दौंडच्या लॉजवरची सवाशीण

...आन् वर इचारतो काय, "मावशी, पानी लई कडक तर न्हाई ना झालं?" आता तुमीच सांगा! टेशनासमोरचं लॉज ते, तिथं बादलीभर पान्यासाठी जिन्यात हुभं ऱ्हाऊन दहादा वरडावं लागतं, आन् ह्यो लॉजचा मालक सकाळच्या पारी सोताच बादली घिऊन माझ्या दारात, खांद्यावर टावेल, हातात चंदनाचा साबन, कोरा, कागदसुदीक फाडलेला न्हाई! म्या मनात म्हनलं, गिताबाई, सावध. एवढी सरबराई फुकट कुनी करतं व्हय?

थांबा, पयल्यापासनं सांगते, न्हाईतर म्हनाल म्हातारी उगा बडबडती. आमी कवठे येमाईचं. आमच्या म्हाताऱ्याचा मोतीबिंदू पिकला. नवऱ्याचं नाव घिऊ नये म्हंत्यात, मी घेते, हौसराव! झडली का माझी जीभ? तर हौसरावाला दौंडला नेला, डाक्टरनं डोळा कापला, पट्टी बांदली, आन् ती नर्सबाई म्हनती, "आजी, पुरुषांच्या वॉर्डात बायकांनी रात्री थांबायचं नाही." म्हनलं, अगं पन्नास वर्सं झोपते त्याच्या शेजारी, आता एका रातीत आनी काय व्हनार हाय? तर म्हनती नाही म्हणजे नाही! मग काय, उचलली पिशवी, आले लॉजवर.

मालक जयसिंग. जाडजूड, मिशीवाला, कौंटरवर पेपर वाचत बसल्याला. वर बघायचं नाव न्हाई. "एकट्या बाईला रूम देत न्हाई आमी." म्हनलं, एकटी कुठं, नवरा दवाखान्यात हाय माझा. झालं! पेपर खाली. माझ्या कपाळाकडं बघतोय. कुंकवाकडं. मग हिरव्या बांगड्यांकडं. मग हळूच इचारतो, "मालक... हायेत म्हनता?" म्हनलं, हायेत की! तर त्यो गडी आत तोंड करून वरडला, "सिंधू! अगं ये सिंधू! गावली!"

गावली? मी काय चुकलेली शेळी हाय का?

तर आतनं त्याची बायकू आली पदर सावरत. "या आत्या, बसा आत्या." खिडकीची रूम दिली, पलंगावर नवी चादर, च्यात इलायची! आन् मग माझ्या पायथ्याशी बसून लागली इचाराया, "आत्या, म्हायेर कुठलं? मटनबिटन खाल्लं न्हाई ना आज? आन् मामांची तब्येत कशी हाय? म्हंजी... उद्या दुपारपत्तूर तरी काय काळजी न्हाई ना?"

उद्या दुपारपत्तूर! अवो, डाक्टरबी असं तोंडावर इचारीत न्हाई! म्या दाराला आतनं स्टूल लावलं आन् डोळं मिटलं. न्हाई, मला सांगा, एवढी सरबराई फुकट कुनी करतं व्हय?

तर सकाळी ती आंगुळ झाली. जिना झाडाया नकुशी म्हनून एक बाई आलती. माझ्याकडं बघितलं आन् तिचा झाडूच थांबला. "मावशी, तुमाला बसवनार व्हय आज?" म्हनलं, कुठं बसवनार? तर ती हिकडं तिकडं बघून कानात सांगती... आज अहेव नवमी! भादव्यातली! माझ्या ध्यानातच न्हाई! आता तुमच्यातल्या पोरीबाळींना ठाव नसंल, म्हनून सांगते. जी बाई नवरा हयात असताना गेली, तिच्या नावानं त्या दिशी दुसऱ्या सवाशिनीला जेवू घालायचं, लुगडं नेसवायचं, वटी भरायची. मेलेलीच्या जागी बसवायची म्हना की. जयसिंगची आई तशी गेल्याली. म्हनलं, मग चांगलंच हाय की गं, जेवान मिळतंय. तर नकुशी म्हनती, "चांगलं कसलं! तीन वर्सांमागं जी बसली, तिचा मालक आठ दिसांत गेला. पुढल्या सालीची, तिचा दिवाळीला. गेल्या साली दौंडातली एक बाई उंबरा चढली न्हाई. आन् तिन्ही साली कावळाबी शिवला न्हाई पानाला. म्हनून बाहेरगावची धरली."

हौसराव तिकडं डोळा बांदून पडल्याला, आन् हिकडं माझं ताट वाढाया घेतल्यालं!

पळावं म्हनलं, तर जिन्यात सिंधूबाई, कौंटरवर जयसिंग. आन् तुमाला ठाव हाय, माझं ऱ्हातं का गप? म्हनलं, ह्यांना असा चकवा देते का हेच मला हाकलून देतील. हिरवं लुगडं नेसवलं, पाटावर बसवलं, खीर, वडं, गवारीची भाजी, आळूची वडी, सगळं ताटात आलं, आन् जयसिंग हात जोडून म्हनला, "मावशी, करा सुरवात." मी टाकला सुस्कारा. "करते बाबा... पन आमचं ह्ये काल सांजच्यापत्तूर तर व्हतं. आज कुनी बघितलंय?"

जयसिंग पांढराफटक! "म्हंजी?" म्हनलं, म्हंजी काय, कापाकापीचं काम, डाक्टरच्या हातात सुरी... आपुन काय सांगावं?

गेला की गडी! यम-एटी फटफटीला किक मारली आन् गेला दवाखान्यात. मी पाटावर बसून पदरात हसतीय. पंध्रा मिंटांत माघारी. आत आला. भिताडाला टेकून हुभा ऱ्हायला. बायकूकडं बघून नुसती मान हालवली, न्हाई म्हनून. आन् सिंधूबाईनं वाकून माझ्याम्होरचं ताट उचललं. "आत्या, घाबरू नका... खाट रिकामी हाय म्हंत्यात, चादरबी काढली." आन् माझ्या कपाळाकडं बघाया लागली. कुंकवाकडं.

माझं हसू कुठं गेलं मला सांगा!

पळाले. अनवानी पळाले, नवं लुगडं गुडघ्यापत्तूर वर, टेशनावरची मानसं बघत्यात, बघंनात का! आख्ख्या वाटंनं एकच म्हनत हुते, देवा, मस्करी हुती रं, मस्करी हुती! वॉर्डात शिरले. खाट रिकामी. खरंच रिकामी! गादी गुंडाळून ठिवल्याली. तिथंच बसले खाली...

आन् मागच्या व्हरांड्यातनं खोकला आला.

त्यो खोकला मी हजारात वळखीन. भाईर जाऊन बघते तर हौसराव बाकड्यावर, डोळ्यावर पट्टी, बशीत च्या वतून फुरकतोय! "खाट दुसऱ्याला दिली, घरी सोडलंय मला. कुठं उलथली हुतीस?" मी रडतीय का हसतीय माझं मलाच कळंना.

तवर मागं यम-एटी. जयसिंग, मागं बायकू, तिच्या मांडीवर झाकल्यालं ताट. हौसराव जित्ता बघून त्यो गडी खालीच बसला. "मावशी, पाया पडतो. दोन घास खावा. तीन सालं माझी आई उपाशी हाय." मी म्हनलं, न्हाई! माझा नवरा काय वाटंवर पडलाय? तर हौसराव म्हंतो, "जेव गं. मी मरायचा तवा मरीन. म्हातारी उपाशी हाय म्हनतोय त्यो."

जेवले. त्या व्हरांड्यात, एक घास घ्यायचा, हौसरावाकडं बघायचं, श्वास चाललाय का. दुसरा घास, पुन्हा बघायचं. त्यो म्हंतो, "मला काय बघतीस, खीर सांडती!" आन् भिताडावर त्याच्या आईच्या नावानं पान ठिवलं तर कावळा असा झेपावला... जयसिंग येवढा बाप्या, पोरावानी रडला बघा.

आता म्हनाल, झालं, सुटले. कुठली सुटते! हौसराव जर आता गेला, तर जयसिंगच्या उंबऱ्याला जलमात कुनी सवाशीण लागायची न्हाई. म्हनून दर आठवड्याला शेजारच्या पीसीओवर त्याचा फोन. मी बरी हाय का, ह्ये इचारीत न्हाई. "मावशी, आबा हायेत ना?" म्हनलं, हाय, जरा खोकतोय. की दुसऱ्या दिशी यष्टीच्या कंडक्टरच्या हाती खोकल्याची बाटली! थंडीत सोटर! मागल्या म्हैन्यात डाक्टरच आनला जीपमधनं! एवढी सरबराई फुकट कुनी करतं व्हय?

म्हनून औंदा वटपुर्निमेला वडाकडं गेलेच न्हाई म्या. कशाला उगा गुडघं दुखवायचं? जयसिंग हाय की!