ऱ्हस्व ‘मंजुर’

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, ओपन सोर्सच्या कामातले माझे सगळे सोबती, आणि ‘कशाला हा घाट घातलात’ म्हणत म्हणत सगळ्यांच्या आधी अर्धा तास येऊन बसलेल्या आपल्या ताई!

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. ताईंनी एकदा तीन महिने दिले होते, त्याबद्दल बोलते.

आमचा प्रकल्प लहानसा. ज्यांना नीट दिसत नाही त्यांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. फुकट, आणि कोड सगळ्यांना खुला. सुरू केला तिघांनी: मी, माझी मैत्रीण आणि माझा दीर. मैत्रिणीला जुळं झालं. दीर माझ्याशी भांडून गेला. कशावरून, ते घरचं आहे, राहू द्या. उरले मी एकटी. आणि देखरेख समितीचा नियम असा, की नवी आवृत्ती काढायची तर तीन सभासदांची मतं हवीत. तीन माणसं नसतील तर प्रकल्प बंद.

त्यातच प्रोग्रॅम वाचता वाचता मुका व्हायला लागला. लोकांची पत्रांवर पत्रं. दुरुस्ती तयार होती, मतं नव्हती. मग मी काय केलं असेल? दोघांचे पासवर्ड मला ठाऊक होते. तिघांच्या नावाने मीच लिहिलं, ‘मंजुर’.

दुसऱ्या दिवशी समितीकडून ताईंचा फोन. “वा! तिघांचंही शुद्धलेखन एकाच मास्तरांकडे झालेलं दिसतं. तिघेही मंजूरमधला ‘जू’ ऱ्हस्व काढता.”

मी उघडून पाहिलं. खरंच, तिन्ही ऱ्हस्व.

“आणि अहवालात सारखं ‘आम्ही, आम्ही’ लिहितेस. आम्ही म्हणजे कोण कोण गं?”

“मी एकटीच आहे हो, ताई,” म्हटलं आणि रडायलाच लागले.

त्यांनी पांघरूण घातलं असेल, असं वाटतं तुम्हाला? छे! समितीपुढे सगळं माझ्याच तोंडून वदवलं. काहीजण म्हणाले, बंद करा हा प्रकल्प. ते आज व्यासपीठावर आहेत, मी तिकडे बघत नाहीये. ताई म्हणाल्या, “मतं खोटी होती, पोरगी खोटी नाही. तीन महिने द्या.” समितीतल्याच तिघांनी दुरुस्ती तपासून खरी मतं दिली आणि प्रोग्रॅम पुन्हा बोलू लागला.

मग ताईंनी मला विचारलं, “तुला सगळ्यात जास्त कोण झापतं?” डोळे अधू झालेले एक निवृत्त मुद्रितशोधक होते. दर आठवड्याला त्यांचं खरमरीत पत्र यायचं. “त्यांनाच घरात घे. जिव्हाळा असल्याशिवाय कोणी इतकं भांडत नाही.” ते आज दुसऱ्या रांगेत आहेत. शेजारी माझा दीर आहे. त्याला फोन कर म्हणून ताई तीनदा मागे लागल्या होत्या. चौथ्यांदा सांगायची वेळ आणली नाही मी. आज आम्ही पाच जण आहोत, ताई. खरोखरचे.

आपण सगळ्यांनी ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात कुठे ऱ्हस्वदीर्घ झालं असेल तर पोटात घाला. एक तर झालंच आहे. आता मीही समितीवर आहे, म्हणून सकाळी ताईंच्या निवृत्तीच्या अर्जावर माझं मत मागितलं. नियम तो नियम, दिलं. या वेळी फक्त स्वतःच्या नावाने. पण ताई, मी ‘मंजुर’ लिहिलंय, ऱ्हस्व. जमलं तर तेवढं मत रद्द धरा.