तीनशे घरांची नातेवाईक

हॅलो?… कोण हवंय?… रुग्णाच्या घरचं? नाही हो बाई, हा दवाखान्यातल्या नर्सचा नंबर… अगं, तू! आवाजच ओळखला नाही. मुख्य कचेरीत गेलीस आणि साहेबीणच झालीस की!

काय?… क्षयाची बाई… साध्या गोळ्या लागूच पडणार नाहीत? रिपोर्टमध्ये तसं आलंय?… अगं बाई! मी तर महिन्याच्या त्याच गोळ्या देऊन घरी पाठवली तिला. आणि नावापुढे माझा नंबर…

हो, हो… मीच टाकला. अगं ऐक ना, ओरडू नकोस. फोनच नव्हता तिच्याकडे! आणि नोंदणीच्या यंत्रात फोनची चौकट रिकामी ठेवली तर पान पुढे सरकतच नाही. बाहेर साठ माणसं खोकतायत, काय करू मी? टाकला आपला माझा… छे गं, तिच्या एकटीचा कुठला! असतील तीनशेएक… हस, हस. तीनशे घरांची मी एकटी नातेवाईक!

पत्ता?… तोही खोटाच. तिची वस्ती यंत्रातल्या यादीतच नाही. बिचारी सांगत होती गं खरा पत्ता, आणि मी काय म्हणावं? 'बाई, यादीतलं काहीतरी सांगा.' पहिलंच नाव दाबलं. वर शंभर टक्के माहिती भरली म्हणून मोठ्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

वही?… वहीत असतं तर आत्ता चप्पल घालून निघाले नसते? 'गिरणीमागे, निळं दार' असं लिहायचो आपण. पण दोन्हीकडे लिहायला मला हात किती? यंत्र आलं, वही बंद. आता वरच्यांनी यंत्राची यंदाची फीच भरली नाही, तर ते नवी नोंद घेतं आणि आम्हाला इथे जुनी दाखवत नाही. आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय!

कसला मेसेज?… रिपोर्ट आला की आपोआप जातो? रुग्णाच्या नंबरवर, म्हणजे… थांब. थांब गं. त्या मेसेजांचा आवाज मी बंद करून ठेवलाय, दिवसभर नुसतं टिंगटिंग… तिचा नोंदणी क्रमांक सांग परत. सांग ना!… सातशे चार… आहे. अगं, आहे इथे. एकोणीस दिवस झाले. एकोणीस दिवस माझ्याच खिशात होता.

तिच्या कडेवर लेकरू होतं गं… मी गालगुच्चा घेतला होता त्याचा.

नाही, रडत नाहीये… विटांच्या भट्टीपलीकडे म्हणाली होती. की चुन्याच्या?… दोन्हीकडे जाते. दार न् दार ठोठावते… नोकरी जाते तर जाऊ दे!

खाली अजून असे मेसेज?… हो, आहेत. बरेच आहेत. उघडायची छाती होत नाहीये… थांब, मध्येच दुसरा फोन येतोय. तुमच्याच कचेरीचा नंबर दिसतोय… तुझ्या शेजारच्या टेबलावरून? तीही कुणाच्या तरी घरच्यांनाच शोधतेय?… ठेव तू. ठेव म्हणते ना!

हॅलो?… हो. हो, रुग्णाच्या घरचीच बोलतेय. सांगा.