शालिग्राम मास्तरांची सही

– नाही नाही, त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो. इथं बस, पलंगावर, माझ्या डाव्या अंगाला. अर्धांगानं उजवा हात गेला, ऐकलं असशीलच – तिकडं कुणी बसलं की नजर तिकडं जाते आणि मग नको वाटतं. सूनबाई, भिकनला चहा ठेव गं. धुळ्याहून आलाय – कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून आहे हो, माझा विद्यार्थी.

हँड. आठवतं? पाचवीच्या वर्गात फळ्याच्या मधोमध लिहायचो – एच ए एन डी – आणि भोवती त्याचे बठ्ठे, सगळेच्या सगळे उपयोग. घड्याळाचा काटा, तो हँड. गिरणीतला कामगार, तोही हँड. मुरलेला माणूस ओल्ड हँड. मुलगी मागायची तर तिचा हँड मागायचा – तेव्हा तुम्ही फिदीफिदी हसायचात. अक्षर चांगलं असलं तर ‘ही राइट्स अ गुड हँड’. एकशे सत्तावीस उपयोग, फडताळात वही आहे. कोण बघतंय? पाचवीतून इंग्रजीच काढून टाकलं सरकारनं. आणि चुकलं तर काय – हात पुढे, हो ना? एक उपयोग चुकला, एक छडी. माझी पद्धतच होती ती. तपासणीला आलेले साहेबसुद्धा वाखाणून गेले.

तर काय सांगत होतो – पेन्शनच्या कागदावर सही पाहिजे. कचेरीतला माणूस आला, हाताकडं बघितलं आणि शाईची गादी काढून ठेवली समोर. म्हणे, आबा, अंगठा चालतो की. चालतो! तीस वर्षं भडगावात इंग्रजी शिकवलं मी, आणि अंगठा? त्याला म्हटलं, चार दिवस दे, डाव्या हातानं सही करून देतो, इंग्रजीत. उद्या येतोय तो. ही बघ पाटी – शालिग्रामचा एस, नुसता एस, तोसुद्धा उलटा पडतो. पुसतो, पुन्हा काढतो, पुन्हा उलटा. थकलो रे मी, भिकन.

म्हणून तुला निरोप धाडला. मलाच का म्हणून विचारतोस? अरे, माझ्या वर्गात तू एकटा डावखोरा. काय अक्षर होतं तुझं डाव्या हाताचं, तुझी पहिली वही मी अजून – जाऊ दे. बोलू नकोस, मला ठाऊक आहे. सुतळीनं बांधायचो मी तो हात, बाकाच्या पायाला. तेव्हा सगळेच करायचे, मी काही एकटा नव्हतो. तुझी आई, सुंदरबाई, शाळेच्या दारात उभी राहिली, आत नाही आली – “मास्तर, मना पोऱ्या डावखोरा शे, तेले मारू नका.” मी म्हटलं, बाई, उद्या हा कारकून होईल, डाव्यानं लिहिलं तर लोक हसतील. आणि त्याच दुपारी माझ्या छडीखाली तुझी करंगळी – वाकडीच राहिली का रे? दाखव. नको, नको दाखवू. माझं चुकलं. हेच म्हणायला बोलावलं खरं तर, आणि मी बसलोय सहीचं पुराण लावून.

पण सही पाहिजेच रे. घे हा टाक. कागद तिरपा धरायचा का? मनगट वरून वळवायचं की खालून? तू एकदा नुसतं काढून दाखव, मी बघतो आणि – त्या हातात नाही. डाव्या. हां, आता काढ. एस. काढ ना – का थांबलास?

येत नाही?

काहीच?

बरं. ठेव टाक खाली, शाई गळतेय. म्हणजे सुटली तुझी सवय. एवढा एक धडा तरी माझ्याकडून पक्का झाला म्हणायचा – नाही, रडतोस कशाला, मोठा झालास तू. सूनबाई, चहा झाला का? त्याची मोटार चुकेल. जाताना तो माणूस कोनाड्यात ठेवून गेलाय ती शाईची गादी तेवढी इकडं सरकव. पुरुषाचा डावाच अंगठा घेतात, ते एक बरं आहे. जा, भिकन. जा आता.